‘सगळे धर्म एकच सांगतात’ म्हणून थांबू नका

कुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: “आमची चाळ पुनर्विकासात गेली. आता टॉवरमध्ये हिंदू, मुस्लीम, बौद्ध, ख्रिस्ती अशी सगळी कुटुंबं एकत्र राहतो. दर २६ जानेवारीला सर्वधर्म प्रार्थना होते, टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एकमेकांच्या धर्माबद्दल विखारी फॉरवर्ड येतात. संवादाने, अध्यात्माने खरंच शांतता येते का, की हे आपलं मनाचं समाधान? आणि सुरुवात करायची तर कुठून?”

ताई, येते. या शहरात मोहल्ल्यांच्या बैठका घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हे मी पाहून सांगतो आहे. पण ती २६ जानेवारीच्या कार्यक्रमातून येत नाही, हेही तितकंच खरं.

त्या कार्यक्रमात काय होतं ते आठवून बघा. एक जण गीतेतला श्लोक म्हणतो, एक जण कुराणातली आयत, कोणी बुद्धवंदना, कोणी येशूची प्रार्थना. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि झाली की बसतो. कोणी कोणाला काही विचारत नाही. शेवटी माइकवरून सांगितलं जातं की सगळे धर्म एकच सांगतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही, पण माझ्या मते गाडी तिथेच अडते. सगळं एकच आहे असं ठरल्यावर ज्याच्या मनात शंका आहे, राग आहे, भीती आहे, त्याने ती कुठे बोलायची? सभागृहात जागा नाही म्हणून ती रात्री फोनवर जाते. तुमच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड म्हणजे त्या सभागृहात न झालेलं बोलणं आहे.

महाराष्ट्रात या वाक्याची आणखी एक अडचण आहे, आणि ती सहसा कोणी उच्चारत नाही. तुमच्या इमारतीत बौद्ध कुटुंबं आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती सगळे धर्म एकच आहेत असं वाटलं म्हणून नव्हे. जातीची उतरंड नाकारण्यासाठी घेतली. त्या घरातल्या माणसाला समोर बसवून ‘आपण सगळे एकच’ म्हणायचं म्हणजे त्याच्या आजोबांचा निर्णय एका वाक्यात पुसून टाकायचा. जातीबद्दल गप्प राहणारा सर्वधर्म संवाद आपल्याकडे पोकळच राहतो. पाण्याला, देवळाला, जेवणाच्या पंगतीला शिवू न दिल्याच्या आठवणी ज्या घरात आहेत, त्यांना त्या सांगता आल्या पाहिजेत, आणि बाकीच्यांनी मध्येच ‘आता तसं राहिलं नाही हो’ असं न म्हणता त्या ऐकल्या पाहिजेत.

आपल्या भाषेत याचा नमुना चारशे वर्षांहून जुना आहे. एकनाथ महाराजांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ वाचा. त्यात हिंदू आणि मुसलमान पहिल्यांदा एकमेकांना चांगलं फैलावर घेतात. तुमचे देव असे कसे, तुमची सोवळी-ओवळी कशाला, देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का, प्राण्याचा जीव घेऊन पुण्य कसं मिळतं, असे जिव्हारी लागणारे आरोप दोन्ही बाजूंनी होतात. नाथांनी ते गाळले नाहीत, मवाळही केले नाहीत. आपल्याच समाजातल्या शिवाशिवीवरचा आरोपही त्यांनी समोरच्याच्या तोंडी घातला. एवढं सगळं बोलून झाल्यावर ते दोघे एकमेकांना नमस्कार करून भेटतात. ती भेट पटते, कारण आधीचं भांडण खरं आहे. मी वारकरी घरातला. नाथांचे अभंग लहानपणापासून कानावर होते, पण ही रचना पहिल्यांदा नीट वाचली ती या कामात पडल्यावर. आपल्या कीर्तनांतून ती जास्त ऐकू आली असती तर फार बरं झालं असतं.

मोठ्या व्यासपीठांचं मोल मी कमी मानत नाही. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. इथल्या इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी ‘असत्याकडून सत्याकडे ने’ ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. इतर धर्मांकडे आदराने पाहण्याची भूमिका कॅथलिक चर्चने अधिकृतपणे जाहीर केली ती त्यानंतर, ऑक्टोबर १९६५ मध्ये. हे आपल्या शहरात घडलं याचा मला अभिमान आहे. पण १८९३ सालही लक्षात ठेवायला हवं. ३१ मे रोजी विवेकानंद याच बंदरातून शिकागोच्या धर्मपरिषदेसाठी निघाले. ११ सप्टेंबरला त्यांचं ते गाजलेलं भाषण झालं. मधल्या काळात, ११ ऑगस्टला, मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल पेटली होती. शिकागोचं सभागृह आणि मुंबईची गल्ली यांना जोडणारा रस्ता तेव्हा नव्हता, आणि तो कोणी मोठा माणूस आपल्यासाठी बांधून देत नाही.

तो रस्ता कसा बांधला जातो याची उदाहरणं मात्र आपल्या जवळच आहेत. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भयंकर दंगली झाल्या. नंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, सोबत त्या भागातला पोलीस, आणि नियमित बैठक. बैठकीत धर्मचर्चा क्वचितच व्हायची. गटार, नळावरची भांडणं, मिरवणुकीचा मार्ग, उनाडणारी पोरं, असले विषय असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली. एवढा दंगलीचा इतिहास असलेली भिवंडी त्या वेळी शांत राहिली. पुढे मुंबईतही तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाने भारतातल्या दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांची तुलना केली. त्यातून निघालेली एक गोष्ट मला या कामात फार उपयोगी पडली. शेजाऱ्याला ईदची शीरखुर्मा आणि दिवाळीची करंजी देणं चांगलंच, पण मोठं वादळ आलं की एवढ्यावर निभत नाही. जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत, व्यापारी मंडळात, युनियनमध्ये, क्लबात बांधली गेलेली असतात, तिथे अफवा आली की ती तपासायला फोन करण्याजोगा माणूस पलीकडच्या बाजूला असतो, आणि त्याचं सांगणं आपल्या बाजूला खरं मानलं जातं. हा विश्वास दंगलीच्या रात्री तयार होत नाही. तो आधीच्या कित्येक कंटाळवाण्या बैठकांत तयार होतो.

अलीकडचं उदाहरण, गणपती विसर्जन आणि ईदच्या जुलुसाचं, तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे. मुस्लिमांचं हिजरी वर्ष आणि आपलं पंचांग दोन्ही चंद्रावर चालतात. फरक इतकाच की हिजरी सनात अधिक मास नसतो, म्हणून ते सण दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे येतात. कधी तरी रबी-उल-अव्वल आणि भाद्रपद जुळतात. मग रबी-उल-अव्वलची १२ तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, आणि अनंत चतुर्दशी शेजारी शेजारी पडतात. २०२३ ला दोन्ही २८ सप्टेंबरलाच आल्या. २०२४ आणि २०२५ ला एका दिवसाच्या फरकाने. लालबाग-भायखळ्याच्या त्याच रस्त्यांवरून विसर्जनाच्या मिरवणुका आणि भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून निघणारा ईद-ए-मिलादचा जुलूस, म्हणजे पोलिसांच्या पोटात गोळाच. तीनही वर्षं मुस्लीम समाजाच्या प्रमुखांनी बसून जुलूस पुढे ढकलला: २०२३ ला २९ सप्टेंबर, २०२४ ला १८ सप्टेंबर, २०२५ ला ८ सप्टेंबर. बातमी दोन ओळींची आली आणि विसरलीही गेली. मला मात्र वाटतं, सर्वधर्म संवाद म्हणजे काय असं कोणी विचारलं तर हे दाखवावं. पैगंबरांच्या जन्मदिवसाचा जुलूस पुढे ढकलणं ही भाविकाला सोपी गोष्ट नसते. हे औदार्य आपल्या गणेश मंडळांनी जाहीरपणे, नाव घेऊन, स्टेजवरून मान्य करायला हवं. काही मंडळांनी केलं, अजून पुष्कळांनी करायला हवं होतं.

तेव्हा सुरुवात धर्मापासून करू नका. तुमच्या टॉवरमध्ये वर्षभरात कुठे ठिणगी पडते ते तुम्हाला माहीत आहे. बकरी ईदला कुर्बानीचा प्रश्न येतो. महापालिकेच्या परवानगीची जागा कोणती, बकरे कुठे बांधायचे, साफसफाई कोण करणार, हे ईदच्या महिनाभर आधी बसून ठरवा. आदल्या रात्री लिफ्टसमोर ठरवायला जाल तर भांडणच होणार. गणपतीत, जयंतीला, लग्नात, अजानला आवाजाचा प्रश्न येतो. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद हा नियम सगळ्यांना सारखाच आहे, तो सगळ्यांच्या सहीने नोटीस बोर्डावर लागू द्या. पर्युषण, रमजान, लेंट, वर्षावास, श्रावण यांच्या तारखा एका कागदावर लिहून लिफ्टजवळ लावा. कोणाचा उपवास कधी आहे हे कळलं तरी मीटिंगची वेळ ठरवताना माणसं एकमेकांचा विचार करू लागतात. अशा कामांत सगळ्यांना समान जागा मिळू द्या. अध्यक्ष नेहमी एकाच समाजाचा आणि बाकीचे ‘सदस्य’, असं झालं की माणसं येणं सोडतात.

हे काही महिने चाललं की मग बोलणं आपोआप खोल जातं. दादरच्या बाजूच्या एका वस्तीत आमची अशीच बैठक पाण्याच्या वेळेवरून सुरू झाली आणि पुढची तारीख ठरवताना कोणी तरी ६ डिसेंबर सुचवली. एक बौद्ध काका म्हणाले, त्या दिवशी नको, आमच्या घरी गावाहून माणसं येतात, आई दरवर्षी चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहायची, आता मी राहतो. थोडा वेळ गेला आणि एक मुस्लीम गृहस्थ हळूच म्हणाले, मलाही नको. त्या दिवशी बाबरी पडली आणि त्यानंतर आमचं दुकान जळालं. तेव्हापासून त्या तारखेला मी मुलांना घराबाहेर सोडत नाही. ही दोघं एकाच जिन्याची माणसं. इतकी वर्षं एकाच तारखेला एकाच्या घरी गर्दी असायची आणि दुसऱ्याच्या घराचं दार बंद असायचं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कारण ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी पाण्याची वेळ ठरलीच नाही. कोणी तक्रारही केली नाही.

तुमच्याकडे असा क्षण आला की त्याची घाई करू नका, आणि लगेच समजूत काढू नका. दोन दुःखं एकमेकांशेजारी ठेवता येतात. कोणाचं मोठं हे ठरवायची गरज नसते. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जण गेले. त्यांच्यापैकी कोणाचं घर तुमच्या इमारतीत असेल तर तेही त्याच खोलीत, त्याच आदराने बोललं गेलं पाहिजे. ‘पण तुमच्यांनी आधी काय केलं’ हे वाक्य मात्र सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे थांबवायचं. समोर बसलेला माणूस त्याच्या धर्माच्या सगळ्या माणसांचा जबाबदार नाही. त्याने स्वतः पाहिलं, सोसलं, मानलं तेवढंच तो बोलेल आणि तेवढंच त्याला विचारायचं.

स्वीडनचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ साली तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर तो मानणाऱ्याला विचारा, त्याच्या विरोधकाला नव्हे. आपल्याकडचं उत्तम आणि त्यांच्याकडचं वाईट यांची तुलना करू नका. आणि दुसऱ्याच्या धर्मातली एखादी गोष्ट आपल्याकडे असती तर किती बरं, असं वाटायला मनात जागा ठेवा. तिसरी गोष्ट ऐकायला साधी आहे, पण माणसं तिने सगळ्यात जास्त बदलतात. मला नमाजाची रांग तशी वाटते: खांद्याला खांदा, आणि कोण मालक कोण नोकर हे तेवढ्या वेळापुरतं तरी दिसेनासं होतं. वारीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो ते एका मुस्लीम मित्राला तसंच वाटलं. प्रत्येकाने असं एक तरी सांगायचं, अशी एक बैठक ठेवा. कौतुक खरं असेल तरच सांगायचं, नसेल तर गप्प बसायलाही मोकळीक.

आता तुमच्या प्रश्नातला अध्यात्माचा भाग. लोक समजतात की अध्यात्म म्हणजे बैठकीत बोलायचे विचार. माझा अनुभव असा की त्याचा खरा उपयोग ऐकणाऱ्याला होतो. दुसऱ्याचं दुःख, आणि त्याहून अवघड म्हणजे दुसऱ्याचा आपल्यावरचा राग, पळून न जाता ऐकायला आतून काही तरी स्थिर लागतं. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदूच्या अभ्यासकांनी यावर प्रयोग केले. दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवायचा सराव केलेली माणसं ती पाहून जास्त व्यथित झाली. त्यांनाच पुढे मैत्री आणि करुणेच्या ध्यानाचा सराव दिला, तेव्हा वेदना दिसत असूनही त्यांच्यात ऊब आणि मदतीची इच्छा वाढली. हे काम करणाऱ्यांना हा फरक स्वतःच्या शरीरात कळतो. रडकथा ऐकून ऐकून खचलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. जे टिकले त्यांच्यातल्या बहुतेकांची रोजची काही तरी साधना होती. कोणी फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज चुकवत नसे, कोणी रोझरीची जपमाळ म्हणे. गोराईच्या पॅगोडात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेला एक नास्तिक मित्र रोज पहाटे डोळे मिटून बसतो. मी संध्याकाळी हरिपाठ म्हणतो. साधना आपापलीच असावी. सगळ्यांची मिसळ करून एक नवी सामूहिक प्रार्थना बनवायच्या फंदात पडू नका. बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटं शांत बसा, ज्याला जे आठवायचं ते आठवू द्या.

या शहराला एक जुनी सवय आहे, तिचाही आधार घ्या. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांची माणसं असतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत हिंदू बाया मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर वाहून नवस फेडतात. मखदूम अली माहिमी हे पंधराव्या शतकाच्या आसपासचे मोठे विद्वान, कुराणावर भाष्य लिहिणारे. त्यांच्या माहीमच्या दर्ग्यातल्या डिसेंबरच्या मेळ्यात पहिला संदल, म्हणजे चंदन वाहण्याची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा असतो. नवस म्हणजे संवाद नव्हे, हे मान्य. मोतमावलीला जाणारी बाई परत येऊन ख्रिस्ती शेजाऱ्याला घर भाड्याने देईलच असं नाही. तरी देवाच्या दारात आजारी पोराची आई कशी दिसते हे तिने पाहिलेलं असतं. तुमच्या गटातल्या बायकांना तिथून बोलायला सांगा. पुरुषांच्या बैठका बहुतेक वेळा इतिहासावर घसरतात. बायका पोरांच्या तापावर, नोकरीवर, सासूवर बोलतात आणि लवकर जवळ येतात. एकमेकांच्या प्रार्थनास्थळी जाणार असाल तर आधी नियम विचारा. पारशी अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. दाराबाहेर उभं राहून आदर दाखवणं हाही त्यातलाच भाग आहे.

एक गोष्ट मात्र संवादाने होणार नाही, आणि तशी आशा कोणाला दाखवू नका. न्यायाची जागा संवाद घेऊ शकत नाही. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. १९९२-९३ मध्ये बेपत्ता झालेल्यांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांचा शोध घेऊन भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगावं लागलं. तीस वर्षं वाट पाहणाऱ्या आईला ‘क्षमा करा, धर्म क्षमा शिकवतो’ असं सांगणं क्रूर आहे. तिच्यासोबत कागद घेऊन कचेरीत जाणारा दुसऱ्या धर्माचा शेजारी, हे मात्र संवादातून घडू शकतं. ते मी घडताना पाहिलं आहे.

राहिला तुमचा ग्रुप. फॉरवर्ड टाकणाऱ्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे प्रत्येक जण प्रेक्षकांसाठी बोलतो. दोघांनी, शक्यतो दोन वेगळ्या धर्मांच्या, त्याच्या घरी जायचं. चहा घ्यायचा आणि विचारायचं की हे वाचून तुम्हाला कसली भीती वाटली. बहुतेक वेळा भीती खरी असते, बातमी खोटी असते. बातमी तपासण्याआधी भीती ऐकून घ्या. पहिल्या बैठकीसाठी सणाचा नसलेला एखादा रविवार निवडा, संध्याकाळच्या नमाजाची आणि चर्चची वेळ टाळून. खायला फळं आणि चहा ठेवा, म्हणजे जैन असो की मुस्लीम, खाण्यात सहसा कोणाची अडचण होणार नाही. रमजान असेल तर इफ्तारनंतर भेटा. फोटो काढू नका. दहा माणसं आली तरी पुरेत. जे येणार नाहीत, विशेषतः ते फॉरवर्डवाले, त्यांना पुढच्या वेळी ग्रुपवर निरोप न टाकता दारात जाऊन बोलवा. त्याच्या पुढच्या वेळीही.